लोंढ्यापर्यंत गिरमिट

युवराजचा फोन आला तेव्हा भरमू दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. उद्यमबागच्या फाउंड्रीत सकाळची पाळी धरायची म्हणजे हिंडलग्यातनं लवकर निघावं लागायचं. पोराचा फोन एरवी संध्याकाळी यायचा, जेवणाच्या आधी. सकाळच्या पारी स्क्रीनवर त्याचं नाव बघून भरमूनं नाडी तशीच सोडली.

"आप्पा, आई जवळ हाय का?"

"आत हाय. बोलावू?"

"नको. आधी तुमीच ऐका." पोराचा आवाज दबका होता. मागं माणसांचा गलका, लोखंडी पेट्या ओढल्याचा खडखडाट. "रजा रद्द झाली. सगळ्यांचीच. गाडीत बसवलंय आमाला. वर चाललोय."

वर म्हणजे कुठं, हे विचारायची गरज नव्हती. मे महिन्याचे ते दिवस. टीव्हीवर बघावं तेव्हा सीमेवरचा धूर आणि सायरन. शेजारीपाजारी तर चहा पिता पिता लढाई करत होते. भरमू त्या गप्पांतनं उठून यायचा.

"बेळगावात गाडी थांबणार न्हाय. लोंढ्याला डायवर बदलायला थांबतीया म्हणत्यात. दुपार हुईल. किती येळ थांबंल, थांबंल का न्हाय, काय पक्कं न्हाय. आप्पा, हे कुणालाच सांगू नका. आमाला सांगायची परवानगी न्हाय. आता फोन जमा करायला लागलेत."

"आमी येतो की रं."

"या असं म्हणत न्हाय मी. पन आलात तर..." पोरगा घुटमळला. लहानपणी जत्रेत काही मागायचं असलं की असाच घुटमळायचा. "राजाक्काचं गिरमिट आणा. आनि भजी. घरात केल्याली नको. राजाक्काचीच."

भरमू 'बरं' म्हणेपर्यंत फोन तुटला. त्यानं परत लावला तर बंद.

राजाबाईचा गाडा हिंडलग्याच्या शाळेजवळ होता. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची तेलात परतून, त्यात चिंच-गूळ घालून ती दाट गोज्जू करायची; त्यात चिरमुरे घोळायचे, वर डाळ्याचं पीठ, बारीक शेव, कच्चा कांदा, आणि शेजारी कढईतनं काढलेली मिरची भजी. युवराज चौथीत असल्यापासून त्या गाड्याला चिकटलेला. फौजेत गेला आणि आधी आसामात पडला. तिथं गिरमिटाचं नावही कुणाला माहीत नव्हतं. मग बंगळूरला बदली झाली, तेव्हा त्याला केवढा आनंद! आपलंच राज्य, आता मिळंल. रविवारी बाहेर सोडलं की 'उत्तर कर्नाटक' अशी पाटी दिसेल त्या हॉटेलात शिरायचा आणि आईला फोन करायचा. "आई, ह्यात गाजर किसून टाकलंय बघ." पुढच्या रविवारी, "आज खाल्लं ते गोडमिट्ट हुतं, थुकून दिलं." नागुबाई हसायची. या रविवारी तो घरी येणार होता. त्याला एक मुलगी बघायची होती, खानापूरकडची. नागुबाईनं अंगण दोनदा सारवलं होतं.

भरमू आत गेला. नागुबाई भाकरी थापत होती. त्यानं सांगितलं. तिनं परातीतलं पीठ तसंच ठेवलं, हात धुतले आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. रडली नाही.

"भजी मागितली त्यानं?"

"व्हय. राजाक्काची."

"मग चला की. उभं काय ऱ्हायलाय?"

गाडा बंद होता. निळी ताडपत्री काथ्यानं आवळून बांधलेली. शेजारी ज्योतिबाचं सायकलचं दुकान. तो ट्यूब घासत बसला होता.

"राजाबाई न्हाय आज," तो म्हणाला. "सदलग्याला तिचा दीर वारला न्हवं. काल परत आली, म्हशीला बघाय कोण न्हाय म्हणून. पन सुतक हाय तिला. दहावं झाल्याबिगर काय गाडा उघडत न्हाय."

सुतकातल्या घरात कढई चढत नाही, तळण होत नाही. ते गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक.

"भजीच पायजे असली तर बेळगावात गाडं काय कमी हाईत?" ज्योतिबा म्हणाला. "गिरमिट बी मिळतंय की मस्त."

भरमूनं बायकोकडं बघितलं. खरं होतं. वाटेवरच कुठंतरी घ्यावं. चालत्या गाडीतला पोरगा, भुकेला. त्याला काय कळतंय, कुणाच्या हातचं?

"त्याला कळंल," नागुबाई म्हणाली. नवऱ्यानं तोंड उघडायच्या आतच.

राजाबाईचं घर मागच्या गल्लीत. ती सोप्यावर भिंतीला टेकून बसली होती, केस विंचरलेले नाहीत, कपाळ मोकळं. नवरा जाऊन तिला पुष्कळ वर्षं झाली होती. या दिरानंच मग दर उन्हाळ्याला सदलग्याहून धान्य धाडून तिला उभं केलं होतं.

"या. बसा म्हणत न्हाय, सुतकाचं घर हाय," ती म्हणाली.

भरमूनं खाकरून सुरुवात केली. "राजाक्का, आडलंय जरा. पाव्हणं आल्यात घरात. तुझ्या गिरमिटाचा लई हट्ट धरलाय. तेवढं..."

राजाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं वाक्य तिथंच मेलं.

"भरमाण्णा, माझा दीर गेलाय. आनि तू पाव्हण्याच्या हट्टापायी मला कढई ठेव म्हणतोस?"

भरमूची मान खाली गेली. सांगावं तर पोरानं बजावलंय. न सांगावं तर ही बाई हलणार नाही, आणि हलावं तरी का तिनं? वर सूर्य चढत होता. कुठंतरी हुबळीच्या अलीकडं-पलीकडं ती गाडी धावत असणार.

नागुबाई पुढं झाली. सोप्याच्या पायरीवर बसली, सुतक-बितक न बघता.

"युवराज चाललाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"वर."

राजाबाईनं तोंडावर हात नेला. आतनं म्हैस ओरडली.

"गाडी लोंढ्याला थांबतीया म्हणं. त्यानं तुझ्या हातचं मागितलंय राजाक्का. दुसरं कायबी मागितलं न्हाय."

"आगं पन नागू," राजाबाई म्हणाली, "लढाईला चाललंय ल्येकरू. सुतकाच्या हातचं त्याच्या तोंडात घालू? उद्या काय वंगाळ झालं तर? माझा हात धजत न्हाय गं. तू दुसरं काय बी माग."

हे भरमूच्या डोक्यातच आलं नव्हतं. नागुबाई तर सगळं पाळणारी बाई. मांजर आडवं गेलं तर दारातनं परत फिरणारी. युवराजला पहिल्यांदा गाडीवर घालवायला गेली तेव्हा तिनं त्याच्या खिशात मारुतीचा शेंदूर, अंगारा, लक्ष्मीचं कुंकू, काय काय कोंबलं होतं. आता ती पायरीवरच्या एका चिरेकडं बघत राहिली. भरमूला वाटलं, उठंल आता. मनातल्या मनात तर त्याला बरंच वाटलं, सुटलो.

"त्यो परत कवा मागणार, कुणाला म्हाईत," नागुबाई म्हणाली. शब्द तोंडातनं ओढून काढावे तसे. "तू कर. जे काय व्हायचं ते माझ्या डोस्क्यावर."

राजाबाई उठली. न्हाणीत गेली, डोक्यावरनं पाणी ओतून घेतल्याचा आवाज आला. ओल्या केसांनीच ती बाहेर आली आणि गाड्याकडं चालायला लागली. "घरात न्हाय ठेवत. गाड्यावर ठेवतो," एवढंच म्हणाली. या भागात बायाही 'ठेवतो, जातो' असंच बोलतात.

ताडपत्री सुटली. ज्योतिबा काही विचारायला पुढं आला, भरमूचा चेहरा बघून परत आपल्या ट्यूबपाशी बसला. स्टोव्ह भणभणायला लागला. कांदा चिरताना राजाबाईच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं; कांद्याचं किती आणि दिराचं किती, देव जाणे. गोज्जूला तेल सुटलं, चिंचेचा आंबट-गोड वास रस्त्यावर पसरला. नागुबाई मिरच्या पीठात बुडवून देत होती, राजाबाई तळत होती. भरमू नुसता उभा. सारखा मोबाईल काढून वेळ बघायचा, खिशात ठेवायचा, परत काढायचा.

"आत्ताच कालवायचं न्हाय," राजाबाईनं नागुबाईला सांगितलं. "चिरमुरं ओलं झालं की त्याचा लगदा हुतोय. गोज्जू डब्यात, चिरमुरं पिशवीत, पीठ-शेव येगळी. गाडी दिसली की कालीव. आदी न्हाय."

स्टीलच्या डब्यात गोज्जू भरली तेव्हा डबा हातात धरवत नव्हता. नागुबाईनं तो पदरात गुंडाळला. निघताना ती राजाबाईच्या पाया पडायला वाकली, तर राजाबाई मागं सरकली. "मला शिवू नको आता. जावा. आदी जावा."

बेळगावातनं बाहेर पडेपर्यंत भरमूचा जीव अर्धा झाला. लग्नसराई. दर चौकात वरातीच्या गाड्या, खरेदीची गर्दी, हॉर्नचा नुसता कल्लोळ. भरमू फूटपाथवरनं मोटारसायकल काढत होता. एका ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी मारली, त्यानं बघितलंच नाही. असं त्यानं जन्मात केलं नव्हतं. मागं नागुबाई डबा पोटाशी धरून बसलेली. खड्डा आला की 'आई गं' म्हणायची, स्वतःसाठी नाही, डब्यासाठी.

खानापूर रस्त्याला लागल्यावर जरा वेग आला. पण आता नवी धास्ती. गाडी लोंढ्याहून सुटली की याच बाजूनं बेळगावकडं येणार. म्हणजे उशीर झाला, तर पोरगा समोरनंच निघून जाईल, आणि आपण हातात भजी घेऊन रस्त्यावर. रूळ जिथं जिथं दिसायचे तिथं तिथं भरमूची नजर वळायची. नागुबाई मागनं विचारायची, "आली का वं?" तो म्हणायचा, "न्हाय." थोडं गेलं की परत, "आली का?"

खानापूर मागं पडलं. जंगल सुरू झालं, साग आणि बांबू, उन्हानं करपलेले. गुंजीच्या अलीकडं इंजिनाचा भोंगा ऐकू आला. भरमूनं गाडी कचकन थांबवली. झाडांच्या फटींतनं लांबलचक गाडी बेळगावच्या दिशेनं चालली होती, सावकाश. नागुबाई उतरून धावत सुटली, काट्याकुट्यांतनं, डबा तसाच छातीशी. "युवराज! युवराज रं माझ्या!" डबे एकामागून एक गेले. उघडे, काळे. आत माणूस कुणीच नव्हतं. कोळसा होता.

ती परत आली तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर ओरखडे उठले होते. "मालगाडी हुती," ती धापा टाकत म्हणाली, जणू भरमूला ते दिसलं नव्हतं. मग मागं बसली. "चला."

लोंढ्याच्या स्टेशनवर दुपारची सामसूम होती. भरमूनं खिडकीत प्लॅटफॉर्मचं तिकीट मागितलं तर आतल्या माणसानं मान हलवली. आज द्यायचं नाही असा हुकूम. का, ते सांगितलं नाही. भरमूला मात्र कळलं, आणि त्याला हायसं वाटलं. तिकीट बंद आहे, म्हणजे गाडी अजून यायची आहे. दोघं मालधक्क्याच्या बाजूनं फिरून, तारेच्या तुटक्या कुंपणातनं आत शिरले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागं बसले. चोरासारखे.

"यारु नीवु? इल्लि याक कुंतीरि?"

कोण तुम्ही, इथं का बसलाय? काठी घेतलेला रेल्वेचा पोलीस समोर उभा होता. पोरगेलाच, पण आवाज जरबेचा.

भरमू उठला. हात जोडले. कानडीतच बोलला. "साहेब, जरा टेकलोय. जातो आता."

"पिशवीत काय?"

भरमूनं पिशवी उघडली. पोलिसानं वाकून बघितलं. भज्यांचा वास त्याच्या नाकात गेला असणार. त्यानं चिरमुऱ्याच्या पिशवीला काठी लावून बघितली, मग डब्याकडं बोट केलं. नागुबाईनं डबा उघडला. पोलीस त्या लाल गोज्जूकडं बघत राहिला.

"गिरमिट," तो म्हणाला. मग दोघांच्या तोंडाकडं, नागुबाईच्या ओरखडलेल्या पायांकडं बघितलं. "यारिग?" कुणासाठी?

भरमू पिशवीचं तोंड आवळायला लागला. नागुबाईला कानडी धड येत नव्हती. बाजारापुरती यायची. तेवढ्यावरच ती बोलली, "नम्म मग." आमचा मुलगा. आणि तिनं रुळांकडं हात केला.

पोलिसानं मान फिरवली. टोपी काढून कपाळ पुसलं. "मी तुम्हाला बघितलेलं नाही," तो कानडीत म्हणाला. "गाडीजवळ जाऊ नका. साहेब लोक असतील." आणि तो दुसऱ्या टोकाकडं चालायला लागला. परत वळून बघितलं नाही.

ऊन कलायला लागलं. एक पॅसेंजर येऊन गेली. भजी गार पडली. नागुबाईच्या ओठांना कोरड पडली होती, पण टाकीशेजारच्या नळापर्यंतही ती हलेना. भरमूच्या मनात नको ते यायला लागलं. गाडी दुसऱ्याच वाटेनं नेली असली तर? पोराच्या ऐकण्यात चूक झाली असली तर? आपण इथं, आणि तो आपल्या दारावरनं, बेळगावातनं, न थांबता...

मग रूळ थरथरले.

गाडी आली ती प्लॅटफॉर्मला लागलीच नाही. दोन रूळ पलीकडं, मधल्या मार्गावर थांबली. एवढी लांब की दोन्ही टोकं दिसेनात. खिडक्यांत, दारांत हिरवे कपडे, कातरलेली डोकी, सगळी एकसारखी. मागच्या बाजूला उघडे वाघिणीचे डबे, त्यांवर ताडपत्रीखाली काहीबाही झाकलेलं.

नागुबाईनं रुळांत उडी मारली. भरमू तिच्या मागं. खडीत पाय मुडपत होते. "युवराज! हिंडलग्याचा युवराज!" ती प्रत्येक खिडकीखाली ओरडत होती. वरनं पोरं वाकून बघत होती. कुणी तमीळ बोलत होतं, कुणी हिंदी. "कौन युवराज, माताजी? कौनसी कंपनी?" कंपनी कुठली, ते तिला कुठलं ठाऊक! भरमूलाही आठवेना, त्या घटकेला त्याला स्वतःचं नावही आठवलं नसतं.

"बेळगाव! बेळगावका युवराज!"

"उधर होगा, आगे."

ते पुढं धावले. पुढचे म्हणाले, "पीछे." कुठंतरी शिट्टी वाजली. एक अधिकारी खाली उतरून हातवारे करत येत होता, "हटो, हटो वहाँ से!" आणि इंजिनाचा भोंगा झाला.

गाडीनं हिसका दिला. नागुबाईला कालवायचं होतं. राजाक्कानं सांगितलं होतं, गाडी दिसली की कालव. तिनं चिरमुऱ्याची पिशवी अर्धवट सोडली, चिरमुरे खडीवर सांडले. डबे सरकायला लागले. दारात एक शिडशिडीत सावळा जवान उभा होता, तो हात पुढं करून ओरडला, "दे दो, माँ! मैं पहुँचा दूँगा!"

भरमूनं तिच्या हातातलं सगळं हिसकून भज्यांच्या मोठ्या पिशवीत कोंबलं आणि धावत धावत पिशवी त्या हातात दिली. "युवराज! युवराज भरमू!" जवानानं पिशवी छातीशी धरली, मान हलवली. गाडीचा डबा पुढं निघून गेला. त्या जवानाचं नावही विचारायचं राहिलं.

दोघं तिथंच उभे राहिले. समोरनं खिडक्या जात होत्या, मग वाघिणी, ताडपत्र्या. अगदी शेवटच्या वाघिणीपाशी, बंदूक घेऊन एक पोरगा पहाऱ्याला उभा होता.

"अगं, त्यो बघ!" भरमू ओरडला.

युवराजनंही त्यांना बघितलं. त्याचं तोंड उघडलं, पण भोंग्यात काही ऐकू आलं नाही. तो जागा सोडू शकत नव्हता. त्यानं फक्त एक हात वर केला. नागुबाई त्याच्या बरोबरीनं धावत होती आणि गाडीच्या पुढच्या अंगाला बोट करून ओरडत होती, "म्होरं दिलंय! म्होरं! त्या काळ्या पोराकडं!" पोरगा कानावर हात ठेवून मान हलवत राहिला, ऐकू येत नाही म्हणून. वळणावर गाडी झाडांत शिरली.

नागुबाई रुळाशेजारी खाली बसली. खडीवर सांडलेले चिरमुरे वेचायला लागली. भरमूनं तिला उठवलं तेव्हा तिच्या मुठीत ते तसेच होते.

पुढचे दिवस कसे गेले, ते भरमूला नीट सांगता येत नाही. टीव्ही बंद केला होता, पण गल्लीतल्या सगळ्या टीव्हींचा आवाज घरात यायचा. नागुबाई कामं करायची, बोलायची नाही. एकदा जेवताना तिनं घास खाली ठेवला. "मीच म्हणालो न्हवं, कर म्हणून," ती म्हणाली. "सुतकाचं दिलं मी त्याला. माझ्या हातानं." भरमू म्हणाला, "असं काय नसतंय गं." पण ते म्हणताना त्याचाच आवाज त्याला खोटा वाटला. देवघरात तिनं दिवा लावून ठेवला होता, तो विझू द्यायची नाही.

दहावं झाल्यावर राजाबाई आली. दारातच उभी राहिली. "कळलं काय?"

"न्हाय."

"मी कढई ठेवाय नको हुती गं. सदलग्याला जावंला कुणीतरी सांगितलं. ती म्हणाली, मेल्याचा राग जित्यावर निघतो. मला रातीला झोप न्हाय."

दोघी बाया एकमेकींसमोर बसल्या. सांत्वन करायला आलेली आणि सांत्वन घ्यायला बसलेली, दोघींची भीती एकच.

लढाई थांबल्याची बातमी आधीच येऊन गेली होती. शेजाऱ्यांनी फटाके वाजवले. पोरांचे फोन यायला लागले. आंबेवाडीच्या एकाचा आला, उचगावच्या एकाचा आला. युवराजचा नाही. भरमू परत कामावर जायला लागला, कारण घरात बसवत नव्हतं.

भट्टीतलं लोखंड साच्यात ओतायची वेळ होती तेव्हा त्याचा खिसा थरथरला. अनोळखी नंबर. तो हातातलं टाकून बाहेर पळाला, वाळूच्या ढिगामागं.

"आप्पा, मी."

भरमूनं दुसरा कान हातानं दाबून धरला.

"बरा हाय मी. आमची जागा लई आत हुती, फोन लागत न्हवता. हा दुसऱ्याचा फोन हाय, लगीच द्यायचाय. आईला सांगा, बरा हाय."

"घरात लाव रं, तिला बोल..."

"येळ न्हाय आप्पा. तुमीच सांगा." मग जरा थांबून, "ती पिशवी आली मला. मिरजेच्या म्होरं कुठंतरी गाडी थांबली तवा त्यो घेऊन आला. तमीळ पोरगा हाय, मुरुगन. लई ओशाळला हुता."

"का?"

"त्यानं ठेवलीती जपून. पन बोगीतल्या पोरांना वास आला. सकाळपास्नं उपाशी हुती सगळी. भजी संपली. चिरमुरं बी गेलं. डबा तेवढा त्यानं काढून घेतला त्यांच्या हातातनं." पोरगा हसला का त्याचा आवाज चिरकला, कळलं नाही. "तळाला गोज्जू हुती आप्पा. कडंला चिकटल्याली. बोटानं खाल्ली सगळी."

भरमू वाळूच्या ढिगाला टेकला. "राजाक्काचीच हुती का रं?"

पलीकडनं वाऱ्याचा आवाज. मग, "व्हय आप्पा. तीच हुती." आणि फोन गेला.

भरमूनं पाळी अर्धी टाकली आणि घर गाठलं. नागुबाई परड्यात लाकडं रचत होती. त्यानं एका दमात सांगितलं. बरा आहे, जागा आत आहे, फोन दुसऱ्याचा. तिनं डोळे मिटले आणि लाकडाच्या ढिगाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आनि खाल्लं त्यानं?"

"गोज्जू खाल्ली. डब्याला हुती तेवढी."

"भजी?"

"भजी पोरांनी खाल्ली. सगळी."

"सगळी?" तिचा चेहरा लाल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला राग आलेला भरमूनं बघितला. "एक बी ठेवली न्हाय मुडद्यांनी? आमी मरतमरत..." ती खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि जी रडायला लागली, ती भरमूला थांबवता येईना. त्यानं थांबवलंही नाही. तिच्याशेजारी लाकडांवर बसून राहिला.

रडं ओसरल्यावर तिनं नाक पुसलं. "खाऊ देत," ती म्हणाली. "त्यांच्या आया कुठनं पोचणार हुत्या लोंढ्याला?"

मग ती उठली. पायात चप्पलही न घालता अंगणातनं बाहेर पडली.

"आता कुठं?" भरमूनं विचारलं.

"राजाक्काला सांगून येतो. तिला झोप न्हाय म्हणत हुती."